एरवी काय झालं असतं?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या अभ्यासशिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘सामाजिक योजनांच्या परिणामांचं अर्थमितीय मूल्यमापन’ असं छापलं आहे. ते वाचून काहीजणींनी या वेळात चहा उरकून घ्यायचं ठरवलं असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. अर्थमिती म्हणजे आर्थिक-सामाजिक प्रश्न आकडेवारीच्या आधारे तपासण्याचं शास्त्र. त्यातली समीकरणं मी आज फळ्यावर मांडणार नाही. त्यांच्यामागचा विचार मात्र आपण साऱ्याजणींनी समजून घ्यायला हवा, असं मला फार वाटतं. कोणती योजना चालू ठेवायची, कोणत्या कामाचं अनुदान थांबवायचं, बायकांना कर्ज द्यायचं की प्रशिक्षण, रोख द्यायची की धान्य, हे निर्णय याच विचाराचा आधार घेऊन होतात. त्या बैठकांना आपण बहुधा नसतो. असलो तरी समोर तक्ता आला की गप्प होतो, आणि ज्यांनी कधी वस्तीत पाऊल टाकलं नाही ते बोलत राहतात.

आपल्या अहवालांपासूनच सुरुवात करू या. आपण लिहितो : यंदा इतके बचतगट सुरू केले, इतक्या महिलांना प्रशिक्षण दिलं, इतकी शिबिरं घेतली. हे झालं काम. त्या कामामुळे बायकांच्या आयुष्यात जो फरक पडला, तो परिणाम. या वाक्यात ‘मुळे’ हा शब्द सगळ्यात अवघड आहे. गटात आल्यानंतर एखाद्या बाईने शेळी घेतली, मुलीला दहावीपर्यंत शिकवलं, ग्रामसभेत तोंड उघडलं. हे गटामुळे झालं का? ती गटात आली नसती तर एरवी तिचं काय झालं असतं?

हे ‘एरवी’ कुणालाही डोळ्यांनी दिसत नाही. एकच बाई एकाच वेळी गटात आहे आणि नाही, असं होऊ शकत नाही. म्हणून तिच्यासारखी दुसरी कुणी शोधावी लागते आणि त्या दोघींची तुलना करावी लागते. तुलना योग्य माणसाशी झाली तर उत्तर खरं, चुकीच्या माणसाशी झाली तर आकडे कितीही अचूक असोत, उत्तर खोटं. अर्थमितीची सगळी खटपट या ‘एरवी’च्या शोधासाठी चाललेली असते.

दोन तुलना आपण नेहमी करतो. पहिली, आधी आणि नंतरची. गट सुरू झाला तेव्हा गावातल्या इतक्या मुली हायस्कूलला जात होत्या, पाच वर्षांनी इतक्या जास्त जातात. पण त्याच पाच वर्षांत एस.टी. सुरू झाली असेल, धरणाचं पाणी आलं असेल, शेजारच्या गावात शाळा निघाली असेल. काळही काही करत असतोच. त्याचं श्रेय आपल्या पदरात पडतं. कधी उलटंही होतं : दुष्काळाच्या साली आपण गावाला सावरून धरलं, तरी कागदावर परिस्थिती बिघडलेलीच दिसते आणि काम वाया गेलं असा शिक्का बसतो.

दुसरी तुलना सभासद आणि बिगरसभासद बायकांची. ही जास्त फसवी आहे. गटात कोण येतं? जिला घरातून बाहेर पडता येतं, जिच्या हातात दर महिन्याला थोडे तरी पैसे येतात, जिची सासू किंवा नवरा आडवा येत नाही, ती. बीडकडची जी बाई नवऱ्याबरोबर ‘एक कोयता’ म्हणून सहा महिने उसाच्या फडात असते, ती मासिक बैठकीला कशी येणार? वीटभट्टीवरची कशी येणार? म्हणजे सभासद बाईची स्थिती गटात येण्यापूर्वीच थोडी बरी असू शकते. मग दोघींमधला फरक गटाने घडवला, की त्या फरकामुळेच एक आत आली आणि एक बाहेर राहिली? शास्त्रात याला ‘निवडीचा दोष’ म्हणतात. या दोषामुळे आणखी एक गोष्ट घडते : जी सगळ्यात गरजू, तीच आपल्या हिशेबातून निसटते.

आता या अडचणीतून संशोधकांनी काढलेल्या वाटा पाहू. 

बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे नववीतल्या मुली वाढल्या. सायकलीमुळे? त्या काळात बिहारमध्ये रस्ते होत होते, शाळांवर खर्च वाढत होता. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी हा प्रश्न असा सोडवला. योजना आली तेव्हा ज्या मुलींचं नववीचं वय उलटून गेलं होतं आणि ज्या नुकत्या त्या वयाला येत होत्या, त्यांच्या शिक्षणात किती फरक आहे ते पाहिलं. मग बिहारमधल्या मुलग्यांमध्ये तोच फरक किती आहे ते पाहिलं. रस्ते, शाळा आणि वाढती मिळकत यांचा फायदा मुलग्यांनाही झालाच असणार, म्हणून तेवढा वजा केला. तरी शंका उरते : त्या काळात सगळीकडेच मुली मुलग्यांपेक्षा वेगाने पुढे येत असतील तर? म्हणून २००० सालापर्यंत बिहारचाच भाग असलेल्या झारखंडमध्ये हाच हिशेब केला आणि तोही वजा केला. वजाबाकीतून वजाबाकी, आणि त्यातून पुन्हा वजाबाकी. जे उरलं ते सायकलीचं.

उरलं ते थोडं नव्हतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगे आणि मुली यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा लांब होती त्या गावांतच मुख्यतः वाढ झाली. सायकलीमुळेच हे झालं असेल तर असंच दिसायला हवं. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली १८ टक्क्यांनी वाढल्या, पास होणाऱ्या १२ टक्क्यांनी. या दोन आकड्यांमध्ये जी तफावत आहे ती शाळेच्या आत काय चालतं याबद्दल बोलते. सायकल मुलीला शाळेच्या दारापर्यंत पोचवते, पुढचं काम शिक्षणाचं आहे.

या पद्धतीत एक गृहीतक असतं, ते लक्षात ठेवा. योजना आली नसती तर दोन्ही राज्यं एकाच चालीने चालली असती, असं आपण मानतो. म्हणून अशा अहवालात पहिला प्रश्न विचारायचा : आधीच्या वर्षांत ती खरंच एकाच चालीने चालत होती का?

दुसरी वाट उंबरठ्याची. आपल्याकडे २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. महिना १५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अशा तिच्या अटी होत्या. तिचे परिणाम काय, यावर भाषणं पुष्कळ झाली. पैसे मिळालेल्या सगळ्या बायकांची न मिळालेल्या सगळ्या बायकांशी तुलना करून काहीच कळणार नाही, कारण न मिळालेल्यांत सुखवस्तू घरातल्या बायकाही आल्या. पण वीस वर्षं दहा महिन्यांची मुलगी आणि एकवीस वर्षं दोन महिन्यांची मुलगी यांच्यात एरवी काय फरक असतो? जवळजवळ काही नाही. एक उंबरठ्याच्या अलीकडे, एक पलीकडे. त्यांच्या आयुष्यात एकदम फरक दिसला तर तो पैशांचा मानता येतो, मात्र त्याच वयावर दुसरी कुठली सवलत सुरू होत नाही ना, एवढं पाहून घ्यायचं. उत्पन्नाच्या उंबरठ्यावर हीच युक्ती कितपत चालेल? तहसील कचेरीत उत्पन्नाचा दाखला कसा मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जो उंबरठा ओढूनताणून सरकवता येतो त्याच्यावरची तुलना कच्ची. पाहा, ज्या गोष्टीला शास्त्रज्ञ लांबलचक नाव देतात ती वस्तीतली कार्यकर्ती एका वाक्यात सांगू शकते. म्हणूनच हे शास्त्र आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं मी मानत नाही.

तिसरी वाट चिठ्ठीची. कुणाला योजना मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरलं, तर दोन्ही बाजूंना सगळ्या प्रकारची माणसं सारखीच येतात आणि निवडीचा दोष उरत नाही. गंमत म्हणजे चिठ्ठीचा किंवा पाळीपाळीने ठरण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच हक्काच्या बाबतीत घडला. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली, एक तृतीयांश जागा बायकांना आल्या. कोणतं गाव, कोणता वॉर्ड राखीव, हे ठरवताना गावाची मर्जी विचारली नाही. म्हणून राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना अगदी न्याय्य ठरते.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानमधल्या उदयपूर जिल्ह्यांत हे पाहिलं. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बायका काय मागण्या घेऊन पंचायतीकडे येतात, पुरुष काय घेऊन येतात, ते आधी नोंदवलं. दोन्हीकडे बायकांच्या मागणीत पाणी वर होतं. बीरभूममध्ये बायकांना रस्तेही हवे होते, उदयपूरमध्ये रस्त्यांचा आग्रह पुरुषांचा होता. मग प्रत्यक्ष खर्च कशावर झाला ते पाहिलं. जिथे प्रमुखपद बाईकडे राखीव होतं तिथे दोन्ही जिल्ह्यांत पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली. रस्त्यांवर बीरभूममध्ये जास्त खर्च झाला, उदयपूरमध्ये कमी. म्हणजे बाई खुर्चीवर बसली की गावातल्या बायकांना जे हवं तिकडे पैसा वळतो.

‘बाई नुसती सही करते, कारभार नवराच बघतो’ हे वाक्य आपण किती वर्षं ऐकत आलो! अनेक गावांत ते खरंही होतं. पण सरासरीने जर नवराच कारभार पाहत असता, तर पाण्याचे नळ कसे वाढले असते? आपला राग जे करू शकला नाही ते त्या मोजलेल्या विहिरींनी आणि हातपंपांनी केलं.

मुंबई महापालिकेचं उदाहरणही घ्या. १९९७ साली काही वॉर्ड महिलांसाठी राखीव होते, २००२ साली त्यांतले पुष्कळ खुले झाले. राखीव जागा गेली की बाई पुन्हा घरी बसते, असं म्हणतात. रिखिल भवनानी यांनी २००९ साली दाखवलं की आधी राखीव असलेल्या आणि नंतर खुल्या झालेल्या वॉर्डात बाई निवडून येण्याची शक्यता, आधीही खुल्या असलेल्या वॉर्डाच्या सुमारे पाचपट होती. एकदा दार उघडलं की ते पूर्ण बंद होत नाही. आरक्षणाच्या प्रत्येक वादात हा आकडा आपल्या हाताशी असायला हवा.

आता आपल्याला न आवडणारं एक उत्तर. हैदराबादमध्ये एका सूक्ष्मवित्त कंपनीच्या कर्जाचा परिणाम असाच चिठ्ठीने तपासला गेला. १०४ वस्त्या, त्यांतल्या ५२ मध्ये २००६-०७ च्या सुमारास कंपनीची शाखा आधी उघडली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचा आधीपासून छोटा धंदा होता त्यांनी त्यात जास्त पैसा घातला. काही घरांनी चहा-तंबाखूचा खर्च कमी करून टिकाऊ वस्तू घेतल्या. पण घरखर्चाची एकूण पातळी वाढली नाही. मुलांचं शिक्षण, आरोग्य, घरच्या निर्णयात बाईचा वाटा, यांतही वस्त्या-वस्त्यांमध्ये फरक दिसला नाही. ‘बाईच्या हाती कर्ज दिलं की ती सबल होते’ हे तेव्हा मोठमोठ्या परिषदांमधून सांगितलं जात होतं. २०१० साली आंध्र प्रदेशात कर्जवसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याचं प्रकरण गाजलं आणि सरकारला या कंपन्यांविरुद्ध वटहुकूम काढावा लागला.

कुणी म्हणेल, आमचा बचतगट म्हणजे ती कंपनी नव्हे. बरोबर आहे. आपल्याकडे आधी बचत असते, दर महिन्याला बैठक असते, मारहाण झालेल्या बाईबरोबर दहाजणी पोलीस ठाण्यात जातात. पण मग हा फरक आपण दाखवायला हवा. ‘सबलीकरण’ हा शब्द कंपनीनेही वापरला आणि आपणही वापरतो. तो कशाने भरलेला आहे हे सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्याशी येते. तुलना कितीही निर्दोष असली तरी शास्त्र उत्तर देतं ते फक्त जे मोजलं त्याचं. काय मोजायचं हे शास्त्र ठरवत नाही, माणसं ठरवतात. आणि आकडा आला तरी त्याचा अर्थ लावायला बायकांचं आयुष्य माहीत असावं लागतं.

लक्ष्मी अय्यर, आनंदी मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास बघा. पंचायतींत महिला प्रतिनिधी आल्या, त्यानंतर बायकांवरच्या गुन्ह्यांची नोंदलेली संख्या वाढली. घाईने वाचणारा म्हणेल, आरक्षणामुळे अत्याचार वाढले. या संशोधकांनी पुढे जाऊन तपासलं, तेव्हा दिसलं की वाढ मुख्यतः तक्रार नोंदवण्यात झाली होती. जी पूर्वी दार लावून रडत होती ती आता ठाण्याची पायरी चढत होती. आपल्या सल्लाकेंद्रातली प्रत्येक कार्यकर्ती हे जाणते. केंद्र सुरू झालं की पहिली दोन वर्षं केसेस वाढतातच. अनुदान देणाऱ्याने ‘तक्रारी कमी झाल्या का?’ असा रकाना ठेवला, तर चांगलं केंद्र नापास होईल आणि बायकांना परत पाठवणारं केंद्र पास.

मेक्सिकोत १९९७ साली ‘प्रोग्रेसा’ नावाची योजना सुरू झाली. मुलांना शाळेत पाठवलं, दवाखान्यात तपासणीला नेलं, तर आईच्या हातात रोख पैसे. ५०६ गावांपैकी ३२० गावांना आधी आणि १८६ गावांना नंतर योजना मिळाली, त्यामुळे तुलना पक्की झाली. मुलींचं माध्यमिक शिक्षण मुलग्यांपेक्षा जास्त वाढलं, ही आनंदाची गोष्ट. पण अटी पाळायच्या कुणी? आयांनी. रांगा लावायच्या, सभांना जायचं, तेही घरचं आणि बाहेरचं काम सांभाळून. मॅक्सिन मॉलिन्यू यांच्यासारख्या स्त्रीवादी अभ्यासकांनी हा मुद्दा लावून धरला की योजना बाईला साधन म्हणून वापरते आणि तिच्या वेळेचा हिशेब कुठेच लागत नाही. जे मोजलं गेलं नाही ते फुकट आहे असं धरलं जातं. बायकांच्या श्रमाबाबत हे काही नवीन नाही.

चिठ्ठीबद्दल एक शंका तुमच्या मनात असेलच : म्हणजे अर्ध्या गावांना मुद्दाम वंचित ठेवायचं का? साधन सगळ्यांना एकदम पुरणारच नसेल, तर ओळखीपाळखीपेक्षा चिठ्ठी बरी, आणि राहिलेल्यांना पुढची पाळी मिळालीच पाहिजे. पण काही गोष्टींवर चिठ्ठी टाकता येत नाही. मार खाणाऱ्या बाईला निवारा द्यायचा की नाही, हा प्रयोगाचा विषय नाही. समान मजुरीने उत्पादन वाढतं असं सिद्ध झालं तरच ती द्यायची, असंही नाही. हक्क हा हक्क म्हणूनच मागायचा. तो हक्क प्रत्यक्ष पदरात पडण्याची कोणती वाट चांगली, एवढंच तपासायचं. जो अहवाल ही सीमा ओलांडतो त्याला आपण ठामपणे अडवलं पाहिजे.

शेवटी, उद्या गावी परतल्यावर करता येतील अशा काही गोष्टी सांगते. 

नव्या गावात काम सुरू करण्याआधी तिथली स्थिती लिहून ठेवा. पहिल्या बैठकीनंतर लिहिलेली नोंद ‘आधी’ची राहत नाही. 

मनुष्यबळ कमी म्हणून ज्या गावांत आपण दोन वर्षांनी जाणार आहोत, तिथलीही तेवढीच माहिती आज घ्या. तेच आपलं ‘एरवी’. मात्र तिथल्या बायकांना खरं सांगून घ्या, आणि दिलेला शब्द पाळा. 

गट सोडून गेलेल्या बायकांची नावं खोडू नका. त्यांच्याकडे जाऊन का सोडलं ते विचारा. टिकून राहिलेल्यांचीच मोजणी केली तर प्रत्येक काम यशस्वी दिसतं. 

सरासरीवर थांबू नका. दलित, आदिवासी, मुसलमान, एकट्या बायकांचा हिशेब वेगळा मांडा. गावाची सरासरी वाढते तेव्हा पाड्यावर काहीच हललेलं नसतं, असं होऊ शकतं. 

काय मोजायचं ते बायकांबरोबर बसून ठरवा. ‘तुमचं आयुष्य सुधारलं हे तुम्ही कशावरून म्हणाल?’ असं विचारा. न विचारता माहेरी जाता येतं का, स्वतःच्या मजुरीचे पैसे कुणाच्या हातात पडतात, आजारी पडल्यावर किती दिवसांनी दवाखाना दिसतो : अशी उत्तरं येतील. ती कुठल्याही छापील प्रश्नावलीपेक्षा नेमकी असतात. 

आणि जे निघेल ते, आवडो न आवडो, आधी त्या बायकांना सांगा, मग अनुदान देणाऱ्याला.

यासाठी संगणक लागत नाही. एक वही लागते, आणि ती काम सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात उघडावी लागते. पुढचं गणित करायला जवळच्या कॉलेजातली संख्याशास्त्राची एखादी प्राध्यापिका नक्की मदत करेल. तुलना कुणाशी करायची आणि काय मोजायचं, हे दोन निर्णय मात्र तिच्यावर सोपवू नका. ते आपले आहेत.